कर्जाची बातमी वही-पेन्सिल घेऊन कशी वाचायची

मी एकतीस वर्षं हिशेब लिहिले. सुरुवातीला कीर्द-खतावणीच्या जाड वह्या होत्या, नंतर संगणक आला, पण नावे आणि जमा तेच राहिलं. अर्थशास्त्र मी कॉलेजात शिकले नाही. पैशाबद्दल जे काही कळतं ते नोंदी करता करता कळलं. त्यामुळेच चाकोरीबाहेरच्या अर्थतज्ज्ञांचं लेखन पहिल्यांदा हाती आलं तेव्हा ते मला परकं वाटलं नाही. ही माणसं पैशाकडे हिशेबनिसाच्या नजरेने बघतात. कोण कुणाला किती लागतो याची नोंद म्हणजे पैसा, हे त्यांचं मूळ म्हणणं.

‘देशावर अमुक इतकं कर्ज’, ‘जन्माला येणारं प्रत्येक मूल कर्जबाजारी’, ‘सरकार नोटा छापतंय’, ‘डॉलरचे दिवस भरले’ अशा बातम्या रोज येतात. वाचून एकतर धास्ती बसते, नाहीतर चीड येते. मी अशा वेळी वही काढते. तुम्हीही काढा. रेघी कागद, पेन्सिल, खोडरबर आणि अर्धा तास, एवढंच लागतं.

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. एका बाजूला येणं, दुसऱ्या बाजूला देणं. बातमीतलं कर्ज सरकारच्या देण्यात लिहिलंत की पेन्सिल खाली ठेवू नका. तीच रक्कम दुसऱ्या कुणाच्या तरी येण्यात लिहायची राहिली आहे. कुणाच्या? पेन्शन फंड, विमा कंपन्या, बँका, परदेशी गुंतवणूकदार, कधीकधी देशाची स्वतःची मध्यवर्ती बँक. बातमीत हे नाव बहुतेक वेळा नसतं. ते शोधून काढणं हे तुमचं पहिलं काम. मध्यवर्ती बँकेच्या किंवा कर्ज-व्यवस्थापन कार्यालयाच्या आकडेवारीत ‘रोखे कुणाकडे’ असा तक्ता सहसा सापडतो (रोखा म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचा कागद).

नाव सापडलं की ‘जन्मतः कर्जबाजारी मूल’ या वाक्याचा अर्थच बदलतो. काही मुलांच्या वाट्याला ते रोखे वारशाने येणार आहेत, काहींच्या वाट्याला फक्त कर भरणं. म्हणजे मुद्दा पिढ्यांमधल्या भांडणाचा कमी आणि एकाच पिढीतल्या वाटपाचा जास्त. व्याज कुणाच्या खिशातून निघून कुणाच्या खिशात जातं, ते बघा.

देण्याला समोर येणं असतंच, हे ज्यांनी डोळ्यांनी बघायचंय त्यांनी इंग्लंडच्या राजकोषातल्या हिशेबाच्या काठ्यांची चित्रं जरूर बघावीत. काठीवर रकमेच्या खाचा पाडायच्या: हजार पौंडांना तळहाताच्या रुंदीची, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची, म्हणजे दोन्ही तुकड्यांवर त्याच खाचा राहतात. लांब तुकडा ज्याचं येणं त्याच्याकडे, आखूड ज्याचं देणं त्याच्याकडे. हिशेब मिटवताना दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघायचे. लाकडाच्या रेषा जुळल्या नाहीत तर लबाडी उघडी पडायची. ही पद्धत १८२६ पर्यंत चालली, आणि १८३४ च्या ऑक्टोबरात साठलेल्या जुन्या काठ्या भट्टीत जाळताना लंडनच्या पार्लमेंटची इमारतच जळाली. अल्फ्रेड मिचेल-इनेस या ब्रिटिश मुत्सद्द्याने १९१३ मध्ये याच काठ्यांचा दाखला देऊन मांडलं होतं की पैसा मुळात पतच आहे, सोन्याचा तुकडा नव्हे. पुढे कित्येक दशकं त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

आता पान उलटा आणि एक नोंद स्वतःच्या हाताने करा. ही पायरी गाळू नका, वाचून ती कळत नाही.

बँक तुम्हाला १०० चं कर्ज मंजूर करते. बँकेच्या येण्यात लिहा: तुमचं कर्ज, १००. बँकेच्या देण्यात लिहा: तुमच्या खात्यातली ठेव, १००. झालं. दोन्ही नोंदी एकाच क्षणी होतात. आता शोधा, हे १०० कुणाच्या खात्यातून वजा झाले? मी ही नोंद पहिल्यांदा अशी मांडली तेव्हा तीनदा खोडून पुन्हा लिहिली, कारण आयुष्यभर ‘ठेवीदारांचे पैसे बँक कर्जाऊ देते’ असंच ऐकलं होतं. वजा कुणाच्याच खात्यातून झालेले नसतात. कर्ज देताना ठेव जन्माला येते आणि मुद्दल फेडलं की ती पुसली जाते. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ साली आपल्या तिमाही पत्रिकेत हे स्वच्छ शब्दांत लिहिलं, जर्मनीच्या बुंडेसबँकेनेही २०१७ मध्ये तेच मांडलं. चाकोरीबाहेरचे लोक हे कितीतरी आधीपासून सांगत होते.

म्हणून बँका वाटेल तेवढा पैसा काढू शकतात का? नाही. तुम्ही ते १०० दुसऱ्या बँकेच्या खातेदाराला दिलेत की तुमच्या बँकेला ती रक्कम मध्यवर्ती बँकेतल्या आपल्या शिलकीतून चुकती करावी लागते. शिवाय भांडवलाचे नियम, व्याजदर आणि परतफेड करू शकणारं गिऱ्हाईक मिळणं, हे लगाम आहेतच. पण ‘राखीव निधीच्या, म्हणजे या शिलकीच्या, ठरावीक पटीतच कर्ज देता येतं’ हे पाठ्यपुस्तकी गणित मनातून काढून टाका. अमेरिकेत मार्च २०२० पासून राखीव निधीचं बंधनकारक प्रमाण शून्य आहे.

यापुढची मांडणी वाइन गॉडली या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाची. पानावर तीन रकाने करा: सरकार, देशातलं खासगी क्षेत्र म्हणजे घरं आणि कंपन्या, आणि बाहेरचं जग. सरकारने वर्षभरात १०० खर्च केले आणि ९० कर गोळा केला. सरकारच्या रकान्यात उणे १० आले. हे १० हवेत जात नाहीत, उरलेल्या दोन रकान्यांत मिळून अधिक १० यावेच लागतात. तिन्हींची बेरीज शून्य. हा झाला हिशेबाचा नियम, इथे डावं-उजवं काही नाही. तो कारण मात्र सांगत नाही. तूट सरकारने मुद्दाम केली की मंदीने कर आटला म्हणून झाली, हे बेरजेवरून कळत नाही. चाकोरीबाहेरचे काही उत्साही लोक इथे घसरतात आणि बेरजेलाच कारण मानून बसतात.

तरी बेरजेचा उपयोग मोठा आहे. १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षं अमेरिकेच्या केंद्र सरकारचा अर्थसंकल्प शिलकीत होता आणि सगळीकडे कौतुक चाललं होतं. त्याच काळात देशाची बाहेरच्या जगाशी असलेली तूट वाढत होती. सरकार अधिक, बाहेरचं जग अधिक, मग उणे कोण? घरं आणि कंपन्या. गॉडलींनी १९९९ मध्ये नेमकं हेच लिहून बजावलं होतं की खासगी क्षेत्र कर्जावर जगतंय आणि हे टिकणारं नाही. तेव्हा ‘सरकारने तूट कमी केली’ अशी बातमी आली की लगेच विचारा: मग कुणाची वाढली?

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. यावर मी वहीत सगळ्यात जास्त जागा सोडते. कर्ज कोणत्या चलनात आहे?

हा प्रश्न मला पुस्तकाने शिकवला नाही. मी जिथे नोकरी करायचे त्या कंपनीने एकदा डॉलरमध्ये कर्ज घेतलं, कारण व्याज कमी होतं. मिळकत सगळी आमच्या चलनात. कर्ज दहा लाख डॉलरचं होतं आणि दर सहामाहीला एक लाख मुद्दल फेडायचं. तीन हप्ते वेळेवर गेले, एक दिवसही उशीर नाही. सात लाख उरले. पण तेवढ्यात आमचं चलन गडगडलं आणि डॉलर दीडपट महाग झाला. कर्ज घेतलं तेव्हाची आमच्या चलनातली रक्कम १००० धरली, तर तीन हप्ते फेडल्यावर माझ्या खतावणीत १०५० दिसत होते. मी तो आकडा दोनदा तपासला. मग साहेबांकडे घेऊन गेले, तर ते म्हणाले, तुमची काहीतरी चूक झाली असेल. चूक नव्हती. पुढच्या वर्षी ज्या सदतीस जणांना घरी बसवलं त्यांचे शेवटचे हिशेब मीच काढले. त्यातल्या एकानेही ते कर्ज घ्यायचं ठरवलं नव्हतं. ते पान मी अजून विसरलेले नाही.

हीच गोष्ट देशांची. जपान सरकारचं कर्ज दशकभराहून अधिक काळ देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे. तो देश कोसळणार असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. त्याऐवजी २०१६ मध्ये त्याच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरचा परतावा शून्याखाली गेला. कर्ज येनमध्ये आहे, येन जपानचाच, आणि रोख्यांचा जवळपास निम्मा साठा पुढे त्यांच्याच मध्यवर्ती बँकेकडे गेला. ग्रीसचं कर्ज उत्पन्नाच्या मानाने जपानपेक्षा कमी होतं, पण ते युरोत होतं आणि युरो अथेन्सला काढता येत नव्हता. २०१२ च्या सुरुवातीला ग्रीक रोख्यांवरचा परतावा तीस टक्क्यांच्या वर गेला आणि त्या सगळ्या अरिष्टात देशाचं उत्पन्न सुमारे एक चतुर्थांशाने आटलं. त्याच वर्षी २६ जुलैला युरोपीय मध्यवर्ती बँकेचे प्रमुख मारियो द्राघी यांनी युरो वाचवायला लागेल ते करू असं जाहीर केलं, आणि स्पेन-इटलीचे व्याजदर उतरू लागले. त्यानंतर रोखेखरेदीची जी योजना आखली ती कधी वापरावीच लागली नाही. चलन काढणारा मागे उभा राहिला, एवढंच पुरलं.

व्याज स्थिर की बदलतं, हाही प्रश्न त्याच ओळीत लिहा. १९७० च्या दशकात लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी डॉलरमध्ये, बाजाराप्रमाणे बदलणाऱ्या व्याजावर कर्जं घेतली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या घरातली महागाई मोडायला १९८१ मध्ये व्याजदर वीस टक्क्यांच्या आसपास नेले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले. निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला आणि हप्ता दुसऱ्याच देशातल्या लोकांनी भरला.

चलनानंतर कायदा. रोख्याच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की वाद झाल्यास कोणत्या देशाचा कायदा लागू. मार्च २०१२ मध्ये ग्रीसने रोखेधारकांच्या मुद्दलात निम्म्याहून जास्त कपात केली. बहुतेक रोखे ग्रीक कायद्याखालचे होते, त्यामुळे संसदेला कायदा बदलून ते शक्य झालं. परदेशी कायद्याखालचे रोखे धरून बसलेल्या काहींना मात्र पै न पै मिळाली. अर्जेंटिनाने २००१ मध्ये हप्ते थांबवले, पण त्यातले बरेच रोखे न्यूयॉर्कच्या कायद्याखालचे होते. पडत्या भावात ते विकत घेतलेल्या एका फंडाने ऑक्टोबर २०१२ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचं लिबर्टाड हे प्रशिक्षण जहाज घानाच्या तेमा बंदरात अडकवून ठेवलं. आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाने डिसेंबरात आदेश दिल्यावर ते सुटलं. कर्जाच्या कागदात ताकद किती असते, ते त्या बंदरात बांधून ठेवलेल्या शिडाच्या जहाजावरून कळतं.

आणि ज्या देशांचं येणं आहे, ते तरी सुरक्षित असतं का? परकीय गंगाजळीची बातमी वाचताना ‘किती’च्या आधी ‘कुठे ठेवली आहे’ ते लिहा. गंगाजळी म्हणजे तळघरातली रास नसते. थोडंफार सोनं सोडलं तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी वहीतली नोंद असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची मालमत्ता गोठवली गेली, जवळपास निम्मी गंगाजळी. मोठा भाग बेल्जियममधल्या एका रोखे-संस्थेकडे होता. अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे सात अब्ज डॉलर न्यूयॉर्कमध्ये असेच अडकले. त्यामागची कारणं वेगळी, न्याय-अन्यायाचं मोजमापही वेगळं, पण वहीतली गोष्ट एकच: वही ज्याच्या हातात, शेवटचा शब्द त्याचा.

हे असंच असायला हवं होतं असं नाही. युद्धानंतरची चलनव्यवस्था ठरवणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेपूर्वी ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने ‘बँकॉर’ नावाच्या सामाईक हिशेबी चलनाची योजना मांडली होती. एका देशाची व्यापारातली शिल्लक म्हणजे दुसऱ्याची तूट, मग सुधारण्याची सक्ती फक्त तुटीवाल्यावर का? शिलकीवाल्यालाही आकार लावा, असं त्याचं म्हणणं. हिशेबनिसाला हे लगेच पटतं. पण त्या वेळी सर्वांत मोठी शिल्लक अमेरिकेची होती, आणि डॉलर केंद्रस्थानी ठेवणारी योजना मंजूर झाली. पस्तीस डॉलरला एक औंस सोनं हे तिचं वचन १५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी मोडलं. वचन गेलं, डॉलर राहिला.

आता खरी मर्यादा. स्वतःचं चलन असलेल्या सरकारचे पैसे संपत नाहीत हे मान्य केलं, तरी माणसं, पोलाद, धान्य, वीज, कुशल हात संपतात. अब्बा लर्नर या अर्थतज्ज्ञाने १९४३ मध्ये लिहिलं की अर्थसंकल्प जुळतो का यापेक्षा त्याने बेकारी आणि महागाईचं काय होतं ते बघा. म्हणून खर्चाच्या बातमीखाली लिहा: हे करायला लागणारी माणसं आणि माल देशात मोकळा आहे का, की कुणाकडून तरी ओढून आणावा लागेल, की आयात करावा लागेल? १९२१ मध्ये जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची युद्धभरपाई लादली गेली. ती सोन्यात मोजायची होती, घरी छापलेल्या कागदात नव्हे. त्यात १९२३ मध्ये रुहर या जर्मनीच्या औद्योगिक भागातले कारखाने थंडावले. ‘नोटा छापल्या म्हणून जर्मनी बुडाला’ या वाक्यात हे दोन्ही भाग गायब असतात. छपाई झाली हे खरंच, पण अर्धी नोंद वाचून निकाल देऊ नये. उलट बाजूने माझाही अंदाज चुकला. २०२० च्या सरकारी खर्चाने महागाई येणार नाही असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. जून २०२२ मध्ये अमेरिकेत ती ९.१ टक्क्यांवर गेली. मी पुरवठ्याचा रकाना रिकामाच सोडला होता.

आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी बेरीज करून बघा, मांडणारा कितीही मोठा असो. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं की सरकारी कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की अर्थव्यवस्थेची वाढ सरासरी उणे ०.१ टक्का होते. काटकसरीची धोरणं रेटताना अनेक देशांत या आकड्याचा आधार घेतला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने ती गणना पुन्हा करून बघितली. स्प्रेडशीटच्या सरासरीत यादीतले पहिले पाच देश आलेच नव्हते. काही वर्षांचे आकडेही सुटले होते आणि सरासरीत कोणत्या देशाला किती वजन द्यायचं ती पद्धत वादाची होती. त्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी सुधारून काढलेला आकडा अधिक २.२ टक्के निघाला. मूळ लेखकांनी स्प्रेडशीटची चूक मान्य केली, निष्कर्ष सोडला नाही.

हीच कडक तपासणी आपल्याला आवडणाऱ्या बातमीचीही करायची. जून २०२४ मध्ये ‘सौदी अरेबियाचा पन्नास वर्षांचा पेट्रोडॉलर करार संपला’ ही बातमी जगभर फिरली. चाकोरीबाहेरचं वाचणाऱ्या माझ्या ओळखीच्या चौघांनी मला ती आनंदाने पाठवली. १९७४ मध्ये अमेरिका आणि सौदीचा एक संयुक्त आर्थिक आयोग जरूर स्थापन झाला होता, पण तेल फक्त डॉलरमध्येच विकायचं आणि अमुक तारखेला मुदत संपायची असा करार नव्हताच. डॉलरबद्दल काही म्हणायचं असेल तर दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. जगाच्या गंगाजळीतला त्याचा वाटा शतकाच्या सुरुवातीला सत्तर टक्क्यांच्या आसपास होता, तो साठच्या खाली आला आहे. आणि २०२२ च्या पाहणीत परकीय चलनाच्या ८८ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलरच होता. पहिला आकडा सांगून दुसरा गाळणाऱ्याचं भाकीत मी उतरवून घेत नाही.

बाकीची भाकितं मात्र उतरवून ठेवा. वहीच्या शेवटच्या पानांवर सहा रकाने आखा: तारीख, कोण काय म्हणालं, समोरच्या बाजूला येणं कुणाचं, चलन कोणतं, कायदा कुठला, माल आणि माणसं आहेत का. पेन्सिलने भरा. शेजारी सातवा रकाना रुंद ठेवा, दोन वर्षांनी काय झालं ते शाईने लिहायला.